घटनेची तारीख कुठली लिहायची?

मुंबईतून विधानसभेवर निवडून गेलेल्या ३६ आमदारांना एका निवृत्त फायरमनचे खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

मुंबई शहर आणि उपनगरं मिळून विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत आणि त्यातला एकही असा नाही, जिथे आमची गाडी घंटा वाजवत गेली नाही. तुमच्यातल्या कित्येकांना मी रात्री दोन-अडीचला पायात चपला अडकवून आगीच्या जागी लोकांना मागे सारताना पाहिलं आहे. तेव्हा तुम्ही आम्हाला विचारायचात, "काय हवं नको सांगा." आम्ही बहुतेक वेळा पाण्याचे टँकर मागायचो. आज जे मागतो आहे ते टँकरपेक्षा वेगळं आहे. अग्निशामकाला झालेला ठरावीक कर्करोग कामामुळेच झाला असं धरावं, हे कायद्यात लिहावं लागेल, म्हणून तुमच्याकडे मागतो.

माझा मित्र गेला. आम्ही एकाच भरतीतले. तो पाटण तालुक्यातला, मी कोकणातला. पस्तीसेक वर्षं शहराच्या अग्निशमन दलात आम्ही काढली, त्यातली बरीचशी एकाच केंद्रात, एकाच पाळीत. त्याचं नाव इथे लिहीत नाही. वहिनींनी तसं सांगितलं आहे, मुलीचं लग्न व्हायचं आहे आणि आजाराची चर्चा गावभर नको म्हणाल्या. पण दलातली माणसं दोन ओळींत त्याला ओळखतील. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींत लाकडी जिन्यावर पाय ठेवायच्या आधी तो बुटाची टाच दोनदा आपटायचा. आवाज बद्द आला की हात आडवा करून सगळ्यांना मागे थांबवायचा. खालून जळलेली पायरी वरून धडधाकट दिसते, ते त्याला कानांनी कळायचं. मी आज हे पत्र लिहायला जिवंत आहे त्यात त्या टाचेचा वाटा आहे.

तो आगीत गेला नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला, बदलापूरच्या घरात, ६३ व्या वर्षी, निवृत्त झाल्यावर पाचव्या वर्षी.

त्याचा मृत्यू कशाने झाला हे सांगायला मला आधी आमचं काम सांगावं लागेल. टीव्हीवर दिसतो तो त्याचा अर्धा भाग असतो.

मुंबईत जळतं काय ते बघा. आम्ही भरती झालो तेव्हा लाकूड, कापूस, कागद, धान्याची पोती जळायची. त्याचाही धूर वाईटच. पण गेल्या तीस वर्षांत घराघरात फोमच्या गाद्या आल्या, रेक्झिनचे सोफे आले, पीव्हीसीच्या वायरी, खोटी छतं, टीव्ही, एसी आले. मानखुर्दच्या मंडाळ्यातली भंगाराची गोदामं, धारावीतले प्लास्टिक वितळवणारे गाळे, साकीनाक्याची कारखान्यांची दाटी. तिथे एका आगीत काय काय जळतंय ते गोदामाच्या मालकालाही सांगता येत नाही. वर छपराला सिमेंटचे पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. तापले की ते फटाफट फुटतात, त्यांचा चुरा हेल्मेटवर, कॉलरच्या आत, मानेवर पडतो. घामाने तो तिथेच चिकटतो.

ज्वाळा विझल्या की पत्रकार निघून जातात, बघे पांगतात. त्यानंतर आमचं कूलिंग सुरू होतं. मलबा उपसायचा, गाद्या फोडायच्या, गठ्ठे सोडवायचे, आत कुठे निखारा धुमसतोय का ते हाताने शोधायचं, पाणी मारायचं. लहान आगीत हे दोन-तीन तास चालतं, गोदाम असेल तर दोन-तीन दिवस. पाठीवरच्या बीए सेटचा, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या यंत्राचा, सिलिंडर कागदावर अर्धा-पाऊण तास चालतो, जिने चढून काम करताना त्याहून लवकर संपतो. तो आम्ही माणसं काढायला आणि ज्वाळांशी भिडायला वापरायचो. कूलिंगला तोंडाला ओला रुमाल. जगभरातले फायरमन वर्षानुवर्षं असंच करत आले, कारण आग तर विझलेली असते, डोळ्यांना धूर विरळ दिसतो. पण त्या विरळ धुरातच बेंझिन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, काजळीला चिकटलेली कितीतरी विषं असतात. नाकातोंडाचं एक झालं. ती कातडीतूनही आत जातात, आणि अंग तापलेलं, घामेजलेलं असेल तर जास्त जातात.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड जानेवारी २०१६ मध्ये पेटलं ते तुम्हाला आठवत असेल. धूर अवकाशातून उपग्रहाला दिसला होता, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. मुलांना घरी ठेवलं ते योग्यच केलं. माझा मित्र त्या कचऱ्याच्या डोंगरावर होता. एकीकडे विझवावं तर दुसरीकडे पन्नास फुटांवर जमिनीतून धूर फुटायचा. रात्री केंद्रावर आला की बराच वेळ खोकत बसायचा, थुंकी काळी. सकाळी पुन्हा गाडीवर.

मंत्रालय जळालं तेव्हाही तो होता, २१ जून २०१२. चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर वर चढत गेली. पाच माणसं गेली त्या दिवशी. तुम्हाला ते मजले चांगले ठाऊक आहेत. फायलींचे गठ्ठे, लाकडी पार्टिशनं, छतातल्या वायरी, सगळं तिथे जळलं आणि ते सगळं आमच्यापैकी शेकडो जणांनी श्वासात घेतलं.

आता कपड्यांचं सांगतो, कारण वहिनी हे पुन्हा पुन्हा सांगतात. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो, केंद्राच्या शेजारीच. पाळी संपली की युनिफॉर्म घरी. मोरीत बादलीभर पाण्यात तो भिजत घातला की दहा मिनिटांत पाणी शाईसारखं काळं व्हायचं, वर तेलकट तवंग. वहिनी ते पाणी ओतून दुसरं घ्यायच्या, मग तिसरं. मग त्याच मोरीत, त्याच बादलीत मुलांचे शाळेचे शर्ट. क्वार्टर्समधल्या सगळ्याच बायका असंच करायच्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे नुसतं मळलेलं नाही. आम्हालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. उलट काळवंडलेला युनिफॉर्म ही कामाची खूण होती, नव्या पोरांचे कोरे कपडे बघून आम्ही हसायचो. आज कितीतरी देशांत आगीवरून आलेले कपडे वेगळ्या पिशवीत बंद करतात, केंद्रावरच्या वेगळ्या मशीनमध्ये धुतात, गाडीच्या केबिनमध्येही घेत नाहीत. आपल्याकडेही आता चांगले सूट आले आहेत, नवी पोरं मास्कबाबत आमच्यापेक्षा जागरूक आहेत, हे मी आनंदाने लिहितो. पण आमच्या पिढीच्या अंगात जायचं ते गेलेलं आहे आणि ते आता एकेकाच्या रिपोर्टमधून बाहेर येतं आहे.

हे मी मनाने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. २०२२ मध्ये आठ देशांतले २५ शास्त्रज्ञ तिथे बसले आणि त्यांनी अग्निशामकाचं काम हे माणसाला कर्करोग करणारं काम म्हणून पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहे, त्याच गटात. त्याआधी ते ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात होतं. दोन आजारांबाबत पुरावा पुरेसा आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं: मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, आणि मूत्राशयाचा कर्करोग. आणखी काही कर्करोगांबाबत पुरावा आहे, पण तो अजून मर्यादित आहे, असंही लिहिलं.

मूत्राशयच का, हे मला परळला टाटा रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने समजावून सांगितलं. नाकातून, कातडीतून आत गेलेलं रक्तात जातं, मूत्रपिंड ते गाळून बाहेर काढतं, आणि बाहेर पडेपर्यंत ते मूत्राशयात साठून राहतं, तासन् तास. आम्हाला तर ड्युटीवर लघवीला जायला कुठे मिळायचं! एकदा वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, गेलं की आठ-आठ तास तसेच.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्याच्या लघवीतून रक्त आलं. दुखत काहीच नव्हतं. त्याला वाटलं, उन्हाळी लागली. धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, वाळा झाला. रक्त थांबलं, महिनाभराने पुन्हा आलं. मग तपासण्या. टाटातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तंबाखू? विडी-सिगारेट?" त्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. दुसरा प्रश्न, "काम काय करायचात?" फायर ब्रिगेड म्हटल्यावर डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि केसपेपरवर ते लिहून घेतलं. पुढचं सगळं करताना मी जिथे जिथे गेलो, तिथे हा दुसरा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. मग बीसीजी. लहान बाळांना दंडावर टोचतात ती क्षयाची लस, तीच नळीने मूत्राशयात सोडतात आणि दोन तास आत धरून ठेवायला सांगतात. दर आठवड्याला बदलापूरहून लोकलने दादर, तिथून बसने परळ. परत येताना गर्दीत जळजळ सोसत दारापाशी उभा. वर्षभराने गाठ पुन्हा आली, यावेळी खोल गेलेली. मूत्राशयच काढावं लागलं. पोटाला भोक करून तिथे पिशवी लावली.

ती पिशवी बदलायला वहिनी शिकल्या. आधी कागदाचं माप घ्यायचं, त्या मापाने चकतीला कात्रीने गोल कापायचं. थोडं मोठं कापलं गेलं तर लघवी कातडीवर गळते आणि कातडी सोलून निघते, लहान झालं तर जखमेला काचतं. कातडी अगदी कोरडी करून मग चिकटवायचं आणि तळहाताची ऊब देऊन दाबून धरायचं. पहिल्या वेळी नर्सने शिकवताना त्यांचे हात थरथरत होते. सहा महिन्यांनी वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांना त्या शिकवत होत्या. तो मात्र त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडायचा. ज्याने बायका-मुलांना खांद्यावर घेऊन शिड्या उतरवल्या, त्याला आपल्या बायकोने आपली लघवी काढावी हे सहन होत नव्हतं. वहिनी त्याला म्हणायच्या, "तुमची काळी बादली वीस-तीस वर्षं ओतलीच की मी, हे तर स्वच्छ पाणी आहे."

निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग बदलापूरच्या दोन खोल्यांत गेला होता, कारण क्वार्टर सोडावं लागतं. उरलेले उपचारात गेले. वहिनींच्या पाटल्या गेल्या. गावाकडचा वाटणीचा तुकडा चुलत भावाने ठेवून घेतला, पतपेढीचं कर्ज अजून फिटतं आहे. मुलगा भिवंडीला एका गोदामात कंत्राटावर आहे. मुलगी नर्सिंग शिकते, वडिलांच्या आजारात तिचं एक वर्ष वाया गेलं. वहिनींना निवृत्तिवेतन मिळतं, ते मी लपवत नाही. त्यात घर चालतं. कर्ज आणि फी त्यात बसत नाही.

तो गेल्यावर मी वहिनींना घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणतं ते लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. समोरचा कारकून भला माणूस होता, त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. अर्ज दिला. अर्जात एक रकाना होता: घटनेची तारीख. त्याखाली घटनेचं ठिकाण. वहिनींनी पेन हातात धरून मला विचारलं, "भावोजी, कुठली तारीख टाकू?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मंडाळ्याची लिहायची? देवनारची? मंत्रालयाची? की नावही न आठवणाऱ्या एखाद्या गल्लीतली, जिथे एका गाळ्यात फोम जळत होता आणि आम्ही तासाभरात परत आलो होतो? कारकून म्हणाला, "काका, तारीख नाही म्हणजे घटना नाही. आणि साहेब तर निवृत्त झाले होते, मृत्यू नैसर्गिकच धरावा लागेल." त्याचा दोष नाही. त्याच्या हातातल्या कागदामागे जो कायदा आहे, तो तसाच आहे.

तो कायदा मी मग वाचून काढला. वकील मित्राकडून समजून घेतला.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कुठकुठल्या नोकऱ्यांना हा कायदा लागू आहे त्याची यादी आहे, आणि त्यात अग्निशमन दलातली नोकरी स्पष्ट लिहिलेली आहे. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. त्यात ॲस्बेस्टॉसने होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा आहे. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराची गाठही आहे. पण त्या आजारासमोर काम कोणतं, तर ‘त्या धोक्याशी संबंध येणारं सर्व काम’, एवढंच मोघम. म्हणजे आमची नोकरी एका यादीत आहे, आमचा आजार दुसऱ्या यादीत आहे आणि दोघांना जोडणारी एक ओळ नाही. ती ओळ नाही म्हणून बदलापूरच्या एका विधवेने सिद्ध करायचं की तिच्या नवऱ्याने कुठल्या साली, कुठल्या धुरात, कुठलं रसायन किती घेतलं. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण ही रचना तीत तशीच पुढे आली आहे.

त्यात आणखी एक अट आहे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर कायदा दावा ऐकून घेतो. माझ्या मित्राला तिसऱ्या वर्षी दिसली. मेसोथेलिओमा तर ॲस्बेस्टॉस अंगात गेल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. दोन वर्षांची मुदत ज्याने घातली, त्याच्यासमोर हे आजार नसावेत. आज आपल्यासमोर आहेत.

तुम्हाला काळबादेवीची आग आठवते. ९ मे २०१५, गोकुळ निवास. इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे आमचे अधिकारी तिथेच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन भाजल्यामुळे रुग्णालयात काही दिवसांनी गेले. त्या दोघांचा मृत्यू आगीच्या जागी झाला नाही म्हणून तो कामावरचा नाही, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, आणि येऊ नये. मी विचारतो ते एवढंच, की आगीने माणूस मारायला काही दिवस घेतले तर तो आगीचा बळी आणि काही वर्षं घेतली तर तो नैसर्गिक मृत्यू, ही रेषा कोणी आखली? भाजलेलं दिसतं आणि काजळी आत बसलेली दिसत नाही, याशिवाय त्यात फरक कोणता?

दुसरीकडे ही ओळ कायद्यात लिहून झाली आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये लिहिली: फायरमनला ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. मग तिथल्या इतर प्रांतांनीही तसे कायदे केले. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये केंद्रीय कायद्यात प्रत्येक कर्करोगापुढे सेवेची वर्षं लिहिली, मूत्राशयाच्या कर्करोगापुढे १५ वर्षं. माझ्या मित्राची त्याच्या दुप्पट झाली होती.

न्यूयॉर्कचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला तिथल्या अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दोन इमारतींत गेले. त्यानंतर महिनोन् महिने त्या ढिगाऱ्यावर, त्या धुळीत जे राबले, त्यांच्यातले आजाराने एकेक करून जात राहिले. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत आजाराने गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली आणि पुढे ती ओलांडली गेली. त्यांच्या मुख्यालयात एक भिंत आहे, तिथे आजाराने गेलेल्यांची नावं दर वर्षी कोरतात, घरच्यांना बोलावतात, नाव मोठ्याने वाचतात.

आमचाही एक दिवस आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता, जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले. त्यांच्यामुळे सगळ्या देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन असतो. भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना होते. तिथे उभं राहिलं की अजूनही ऊर भरून येतो. पण आजाराने गेलेल्या आमच्या माणसांची नावं तिथे येत नाहीत. कशी येतील? कोण कामामुळे गेलं, हे ठरवणारा कागदच आपल्याकडे नाही. वहिनींनी यंदा मला विचारलं, "पुढच्या वर्षी ह्यांचं नाव घेतील का हो?" मी म्हटलं, बघू.

काही जण म्हणतात, कर्करोग कुणालाही होतो, फायरमनमध्येही तंबाखू खाणारे आहेत, सगळेच दावे करतील. कर्करोग कुणालाही होतो हे खरं. म्हणूनच मॅनिटोबा आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांत सरसकट सगळे कर्करोग घेतलेले नाहीत, ठरावीकच घेतले आहेत आणि किमान सेवेची अट घातली आहे. तंबाखूचं म्हणाल तर सरकारने ते जरूर दाखवून द्यावं, वैद्यकीय मंडळासमोर कागद ठेवावेत. सिद्ध करायची ताकद सरकारकडे आहे, डॉक्टर आहेत, नोंदी आहेत. ती ताकद नवऱ्याचे रिपोर्ट पिशवीत घेऊन फिरणाऱ्या बाईकडे नाही. ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, एवढाच हा प्रश्न आहे.

आणि नोंदी तर आहेतच. प्रत्येक केंद्रात प्रत्येक वर्दी लिहून ठेवतात: किती वाजता आली, पत्ता कुठला, गाड्या कोणत्या गेल्या, माणसं कोण, परत किती वाजता. आमच्या आयुष्याचा सगळा धूर त्या वह्यांमध्ये लिहिलेला आहे, फक्त तो माणसाच्या नावाने गोळा केलेला नाही. आजपासून प्रत्येक अग्निशामकाच्या नावापुढे त्याच्या वर्द्या आणि तिथे काय जळत होतं ते जोडत गेलं, आणि निवृत्तीनंतरही वर्षातून एकदा लघवीची आणि छातीची तपासणी मिळत राहिली, तर माझ्या मित्राचं रक्त उन्हाळीच्या नावाखाली महिनोन् महिने गेलं, तसं पुढच्याचं जाणार नाही. गाठ वरवर असताना सापडली तर मूत्राशय वाचू शकतं, हे मला त्याच डॉक्टरने सांगितलं.

मागणं मात्र मुख्यतः कायद्याचं आहे. तिसऱ्या अनुसूचीत नव्या कामाची आणि त्या कामाच्या आजाराची भर घालण्याचा अधिकार १९२३ च्या कायद्याने राज्य सरकारलाही दिलेला होता, तीन महिन्यांची जाहीर सूचना देऊन. त्या वाटेने अग्निशामकाचं काम आणि हे दोन कर्करोग एका ओळीत आणा. बाकीच्या आजारांबाबत तज्ज्ञांची समिती नेमा. दोन वर्षांच्या मुदतीला अग्निशामकांपुरता अपवाद हवा, त्याला दुरुस्ती लागेल. विषय समवर्ती सूचीतला आहे, विधिमंडळाने विधेयक करून राष्ट्रपतींच्या मंजुरीला पाठवता येतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आणि तो कायदा फक्त मुंबईपुरता ठेवू नका. छोट्या नगरपालिकांत एक गाडी आणि पाच माणसांवर दल चालतं, औद्योगिक वसाहतींत, विमानतळावर, तेलशुद्धीकरण कारखान्यांत आमचीच माणसं आहेत, त्यांच्यामागे तर बोलणारंही कोणी नाही.

तारांकित प्रश्न विचारा, लक्षवेधी लावा, अशासकीय विधेयक आणा. पक्ष कुठलाही असो, आमच्या शिडीवरून उतरणाऱ्याला आम्ही कधी पक्ष विचारला नाही. तुमच्यातला जो कोणी हे हातात घेईल, त्याच्याकडे मी सांगाल त्या वेळेला येतो. माझ्या आठवणीतल्या आणि मला मिळवता आल्या त्या वर्द्यांची यादी मी तयार केली आहे. टाटातले सगळे कागद वहिनींनी क्रमाने लावून ठेवले आहेत, पहिल्या केसपेपरपासून. त्याही यायला तयार आहेत. बदलापूरहून त्यांना दोन तास लागतात आणि संध्याकाळी मुलगी यायच्या आत घरी पोचायचं असतं, तेव्हा शक्यतो दुपारची वेळ द्या आणि आदल्या दिवशी कळवा.

आपला,
एक सेवानिवृत्त लीडिंग फायरमन
मुंबई